पहिली ऑर्डर कोण देणार?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, 1983 सालची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड. तिथल्या महापालिकेनं शहराच्या तुरुंगात स्टेनलेस स्टीलच्या मुताऱ्या आणि संडासाची भांडी बसवण्याचं टेंडर काढलं. काम लहानसंच. पण त्याच वर्षी पालिकेनं एक नियम केला होता: कंत्राट ज्याला मिळेल त्यानं रकमेच्या किमान 30 टक्के काम अल्पसंख्याक समाजातल्या उद्योजकांना पोटकंत्राट म्हणून द्यायचं. रिचमंडमध्ये याचा अर्थ मुख्यतः कृष्णवर्णीय उद्योजक.

टेंडर एकाच कंपनीनं भरलं, क्रॉसन नावाच्या प्लंबिंग कंत्राटदारानं. भांडी पुरवायला एक स्थानिक कृष्णवर्णीय व्यावसायिक तयार होता. त्यानं दर मागवायला सुरुवात केली. एका पुरवठादारानं सांगितलं, आम्ही क्रॉसनला दर देऊन बसलोय, तुम्हाला वेगळा देणार नाही. दुसरा म्हणाला, तुमचं नाव आम्हाला माहीत नाही, तुमची पत तपासावी लागेल, त्याला कमीत कमी 30 दिवस लागतील. टेंडरची मुदत तर दोन आठवड्यांवर आलेली. मुदत संपली तेव्हा या माणसाच्या हातात दरच नव्हता. पुढं दर मिळाला तो बाजारभावापेक्षा 7 टक्के जास्त. क्रॉसननं पालिकेकडं सूट मागितली, पालिकेनं ती नाकारून फेरनिविदा काढायचं ठरवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

जानेवारी 1989 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी रिचमंडचा नियम रद्द केला. देशात पूर्वापार भेदभाव झाला एवढं सांगून भागणार नाही, याच शहरात, याच धंद्यात, कुणी कुणाला कसं डावललं याचा ठोस पुरावा आणा, असं बहुमताचं म्हणणं. कोर्टापुढं आकडे होते. शहराची निम्मी वस्ती कृष्णवर्णीय, आणि पाच वर्षांत पालिकेच्या मुख्य बांधकाम कंत्राटांपैकी अल्पसंख्याक उद्योजकांकडं गेलेला वाटा 0.67 टक्के. म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. तेवढ्यावर कोर्टाचं समाधान झालं नाही.

मी आयुष्यभर बँकेच्या कर्ज विभागात काम केलं. या खटल्याची कागदपत्रं वाचताना घटनात्मक युक्तिवादापेक्षा मला ते 30 दिवस जास्त बोलले. ‘आम्ही तुम्हाला ओळखत नाही’ हे वाक्य व्यापारात कुणी रागानं म्हणत नाही, अगदी सभ्यपणे म्हणतात. पुरवठादार उधारी कुणाला देतो? ज्यानं आधी माल उचलून वेळेवर पैसे दिलेत त्याला. बँक सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीचं कर्ज, कुणाला देते? ज्याच्याकडं वर्क ऑर्डर आहे, तारण आहे, तीन वर्षांचे ताळेबंद आहेत. आणि वर्क ऑर्डर कुणाला मिळते? ज्याच्याकडं आधी केलेल्या कामाचा दाखला आहे आणि मागं बँक उभी आहे. ही साखळी ज्याच्या आजोबांपासून सुरू झाली त्याला ती दिसतही नाही. ज्याला ती आज सुरू करायची आहे त्याला प्रत्येक खिडकीवर दुसऱ्या खिडकीचा कागद मागतात.

म्हणून माझं म्हणणं आधीच मांडतो. कृष्णवर्णीय उद्योजकाला भांडवल आणि कंत्राट या दोन वेगळ्या मदती देऊन चालत नाही. दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसापर्यंत पोचावी लागतात. जिथं तसं झालं तिथं उद्योग उभे राहिले.

आता ही साखळी तुटली कुठं ते पाहू. 1865 मध्ये यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, आणि मुक्त झालेल्या लोकांसाठी अमेरिकी संसदेनं फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेला सनद दिली. कालपर्यंत जे स्वतःच विकले जात होते त्यांनी मजुरीतले पैसे या बँकेत ठेवले. सुरुवातीला तो पैसा सरकारी रोख्यांतच गुंतवायचा असा नियम होता. 1870 मध्ये नियम सैल केला आणि गोऱ्या सट्टेबाजांच्या धंद्यांना त्यातून कर्जं गेली. लक्षात घ्या, ठेवी काळ्या मजुरांच्या आणि कर्जदार मात्र दुसरेच. मार्च 1874 मध्ये फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष केलं. ते स्वतः गुलामगिरीतून निसटलेले, मोठे नेते. त्यांनी पदरचे 10,000 डॉलर घातले, पण आतून सगळं पोखरलेलं होतं. त्याच उन्हाळ्यात बँक बुडाली. सुमारे 61,000 ठेवीदारांचे जवळपास 30 लाख डॉलर अडकले. काहींना थोडेफार परत मिळाले, अनेकांना काहीच नाही. आपल्याकडं सहकारी बँक बुडते तेव्हा ठेवीदारांच्या दाराशी काय होतं ते आपण पाहिलंय. तिथं तर एका समाजाची पहिलीच बचत गेली.

एवढं होऊनही त्याच रिचमंडमध्ये 1903 साली मॅगी लीना वॉकर यांनी सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. आई पूर्वी गुलामगिरीत राहिलेली, नंतर लोकांचे कपडे धुऊन घर चालवणारी. मॅगीबाईंना कपड्यांची गाठोडी पोचवायची सवय लहानपणापासूनची. बँकेची सनद मिळवून अध्यक्ष झालेल्या अमेरिकेतल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. बँकेच्या नावातच पेनी आहे, कारण ठेवी तशाच यायच्या. या बँकेच्या कर्जावर शेकडो कुटुंबांनी घरं घेतली. घर म्हणजे पुढच्या पिढीचं तारण, हे बँकेत बसलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

बाईंचं दुसरं काम कमी लोकांना माहीत आहे. 1905 मध्ये त्यांच्या संस्थेनं रिचमंडच्या ब्रॉड स्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजारपेठेत, सेंट ल्यूक एम्पोरियम नावाचं मोठं दुकान उघडलं. काऊंटरवर कृष्णवर्णीय मुली नोकरीला, दर्शनी काचेत सावळ्या रंगाचे पुतळे. शहरातल्या गोऱ्या दुकानदारांनी आधी इमारत विकत घेऊ पाहिली. ते जमलं नाही तेव्हा घाऊक व्यापाऱ्यांना कळवलं की यांना माल द्याल तर आमची ऑर्डर विसरा. काही वर्षांत, 1911 मध्ये, दुकान बंद करावं लागलं. भांडवल होतं, गिऱ्हाईक होतं, पण मालाचा पुरवठाच तोडला. तुरुंगाच्या टेंडरच्या वेळी दर मागत फिरणारा माणूस आणि हे दुकान, दोन्ही एकाच शहरातले. मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षं.

पुढं काय काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातलं बरंचसं आपण ऐकून आहात. 1921 मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातला ग्रीनवूड हा भरभराटीचा कृष्णवर्णीय व्यापारी भाग गोऱ्या जमावानं जाळला, आणि दंगलीचं कलम दाखवून विमा कंपन्यांनी दावे नाकारले. 1930 च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेनं शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगात, म्हणजे जोखमीच्या. त्या वस्तीतल्या घरावर कर्ज मिळणं अवघड झालं, म्हणून घराची किंमत वाढली नाही, म्हणून तारण तयार झालं नाही.

अटलांटाकडं मात्र सावकाश पाहायला हवं. 1973 मध्ये मेनार्ड जॅक्सन तिथले महापौर निवडून आले. वय 35. दक्षिणेतल्या मोठ्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. तेव्हा पालिकेच्या कंत्राटांत अल्पसंख्याक उद्योजकांचा वाटा एक टक्क्याहून कमी होता. नव्या विमानतळाचं प्रचंड काम समोर होतं. जॅक्सन यांनी अट घातली की किमान चतुर्थांश काम अल्पसंख्याक कंपन्यांना मिळालं पाहिजे. उद्योगजगतातून गहजब झाला. काम रखडलं तर धावपट्टीवर गवत उगवलं तरी बेहत्तर, या अर्थाचं त्यांचं उत्तर अटलांटात अजून सांगतात.

पण नुसत्या हट्टानं काम झालं नसतं. त्यांनी भागीदारीचा मार्ग काढला. मोठ्या गोऱ्या कंपनीनं कृष्णवर्णीय कंपनीबरोबर संयुक्त उपक्रम करून निविदा भरायची. यातली मेख बँकवाल्याला पटकन कळते. मोठ्या बांधकामाला अमेरिकेत शुअरटी बाँड लागतो. केंद्र सरकारच्या कामांना तर 1935 च्या कायद्यानंच तो सक्तीचा केलाय. म्हणजे काम अर्धवट सुटलं तर ते पुरं करायची हमी एखादी विमा कंपनी घेते. आपल्याकडं बँक गॅरंटी लागते तसंच काहीसं. ती हमी देण्याआधी कंपनी विचारते: याआधी एवढं मोठं काम केलंय का? खेळतं भांडवल किती? नव्या माणसाकडं दोन्ही नसतं. संयुक्त उपक्रमात मोठ्या भागीदाराच्या जोरावर बाँड मिळतो, लहान भागीदाराच्या नावावर केलेल्या कामाचा दाखला जमा होतो, आणि पुढच्या वेळी तो स्वतःच्या जोरावर बाँड मागू शकतो. गिलावा करणाऱ्याचा मुलगा असलेले हर्मन रसेल यांनी 1952 मध्ये काढलेली कंपनी अशा कामांतून देशातल्या मोठ्या कृष्णवर्णीय बांधकाम कंपन्यांपैकी एक झाली. सप्टेंबर 1980 मध्ये नवी इमारत उघडली, वेळेत आणि ठरल्या खर्चात. तोवर शहराच्या एकूण कंत्राटांतला अल्पसंख्याकांचा वाटा एक तृतीयांशाच्या पुढं गेला होता. गुणवत्ता घसरेल असं म्हणणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर द्यायची गरज नाही. आज तो जगातला सर्वांत वर्दळीचा विमानतळ आहे आणि त्याच्या नावात जॅक्सन यांचं नाव आहे.

मग आज चित्र काय आहे? अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय जवळपास 14 टक्के. पगारी माणसं ठेवणाऱ्या उद्योगांत त्यांच्या मालकीचे सुमारे 3 टक्के. व्हेंचर कॅपिटलमधून, म्हणजे नव्या कंपन्यांत जोखीम घेऊन गुंतवल्या जाणाऱ्या भांडवलातून, त्यांच्या कंपन्यांना मिळणारा वाटा अलीकडं एक टक्क्याच्याही आत. कोविडच्या पहिल्या दोन महिन्यांत, फेब्रुवारी ते एप्रिल 2020, धंदा चालू असलेल्या कृष्णवर्णीय मालकांची संख्या 41 टक्क्यांनी घटली. गोऱ्या मालकांची 17 टक्क्यांनी. सरकारनं पगारासाठी कर्ज योजना आणली खरी, पण ती बँकांमार्फत. बँकांनी आधी आपल्या जुन्या खातेदारांचे अर्ज घेतले. ज्याचं बँकेशी नातंच नव्हतं तो रांगेत मागं राहिला. पुढं संशोधकांना असं आढळलं की जिथं अर्जाची छाननी माणसांऐवजी संगणकावर होत होती, तिथं कृष्णवर्णीय अर्जदारांना कर्ज मिळण्याचं प्रमाण सुधारलं. आम्हा कर्ज अधिकाऱ्यांनी यावर शांतपणे विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

आणि नेमक्या या काळात मदतीचे रस्ते अरुंद होत चाललेत. केंद्र सरकारची 8-ए नावाची योजना आहे. त्यात वंचित गटातल्या उद्योजकाला नऊ वर्षं राखीव कंत्राटं आणि मार्गदर्शन मिळतं. जुलै 2023 मध्ये टेनेसीतल्या केंद्रीय न्यायालयानं निकाल दिला की अर्जदार कृष्णवर्णीय आहे एवढ्यावरून तो सामाजिकदृष्ट्या वंचित आहे असं गृहीत धरता येणार नाही. त्यानंतर प्रत्येकाला आपल्यावर कुठं, कधी, कसा अन्याय झाला ते लिहून द्यावं लागलं. धंदा उभा करायला निघालेल्या माणसाकडून त्याच्या अपमानांची यादी मागणं मला क्रूर वाटतं.

अटलांटातच फिअरलेस फंड नावाची संस्था कृष्णवर्णीय स्त्रियांच्या लहान उद्योगांना 20,000 डॉलरची अनुदानं देत होती. 2023 मध्ये तिच्यावर खटला झाला. आधार कुठला घेतला? 1866 चा नागरी हक्क कायदा. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाला गोऱ्या माणसाइतकाच करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून केलेला कायदा. 2024 मध्ये अपील न्यायालयानं अनुदान थांबवलं आणि सप्टेंबरात संस्थेनं तडजोड करून ते कायमचं बंद केलं. हे सांगताना मला राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

पुण्यात बसून याचा विचार का करायचा, असं कुणी विचारेल. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. तेच जोतीराव स्वतः कंत्राटदार होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे ते चालक, कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा पूल या कामांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. कंत्राट आणि सामाजिक न्याय यांचा संबंध आपल्याला बाहेरून शिकावा लागलेला नाही. पुण्यातच 2005 मध्ये मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री स्थापन केलं. 2012 च्या सरकारी खरेदी धोरणात केंद्रीय खात्यांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करावी असं ठरलं. 2016 च्या स्टँड-अप इंडिया योजनेत प्रत्येक बँक शाखेनं अशा किमान एका उद्योजकाला 10 लाख ते 1 कोटीपर्यंत कर्ज द्यावं असं म्हटलं. कागद चांगले आहेत. पण खरेदीचं धोरण एका खात्याकडं आणि कर्जाची योजना दुसऱ्याकडं. मशिनरीसाठी कर्ज मिळालेल्या पोराला ऑर्डर नाही, आणि ऑर्डर मिळालेल्याला कच्चा माल उचलायला पैसे नाहीत, अशी प्रकरणं माझ्या टेबलावर नेहमी यायची.

अमेरिकेतल्या अनुभवातून हाताशी येणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. मोठं काम एकाच निविदेत बांधू नका, तुकडे पाडा, म्हणजे लहान कंपनीला मुख्य कंत्राटदार म्हणून उतरता येईल. बाँडची हमी सरकारनं वाटून घ्यावी. तिथली लघुउद्योग प्रशासन संस्था हमीचा 80 ते 90 टक्के भार उचलते, आणि त्यानं विमा कंपनीचा हात सैल होतो. काम सुरू करतानाच थोडी उचल द्या. आणि सगळ्यात आधी, बिलं वेळेवर द्या. बांधकामावरच्या मजुराला दर आठवड्याला पगार द्यावा लागतो. मुख्य कंत्राटदाराचं बिल दोन-तीन महिन्यांनी निघतं आणि त्यानंतर पोटकंत्राटदाराचा नंबर लागतो. ज्याच्या घरात साठवलेला पैसा आहे तो हे महिने काढतो. ज्याच्या आजोबांची ठेव 1874 मध्ये बुडाली, ज्याच्या आईबापांचं घर लाल रेषेच्या आत होतं, तो चांगलं काम करत असतानाच तिसऱ्या महिन्यात बंद पडतो, आणि त्याच्या फाईलवर शेरा पडतो की व्यवस्थापन कमकुवत.

आपल्याकडं लघुउद्योगाचं बिल 45 दिवसांत देण्याचा कायदा 2006 पासून आहे. इथं बसलेल्यांपैकी जे पालिकेत, जिल्हा परिषदेत किंवा मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात आहेत त्यांनी उद्या ऑफिसात गेल्यावर थकीत बिलांचं रजिस्टर काढावं आणि त्यात पहिल्यांदाच काम घेतलेले पुरवठादार किती आहेत, त्यांचे पैसे किती दिवस थांबलेत, ते पाहावं. प्रश्नोत्तरांत मला ते आकडे ऐकायला आवडतील. आज नसतील तर पुढच्या वेळी.