तारावाली बाई

(तालुक्याच्या गावी एका वाचनालयात झालेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढली आहे. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नमस्कार मंडळी. बोलावणं द्यायला वाचनालयाचे काका आले होते, तेव्हा फळ्यावर विषय काय लिहायचा असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद. आत्ता आत येताना पाहिलं, फळ्यावर 'ईसीजी' लिहिलंय. चालायचंच. सतरा वर्षं मी जळगावात हे काम करतेय, आणि माझ्या आईला अजूनही वाटतं की मी छातीची पट्टी काढते. आमच्या वॉर्डातल्या मावश्या मला 'तारावाली बाई' म्हणतात. मला तेच नाव बरं वाटतं.

डोक्यावर एकोणीस तारा, दोन्ही कानांना एकेक, शिवाय अर्थिंगची एक. टोकाला चांदीची किंवा सोन्याचा मुलामा दिलेली चिमुकली वाटी, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा थोडी मोठी. त्यात पेस्ट भरायची आणि ती टाळूवर चिकटवायची. खुर्चीवर बसलेला माणूस हे सगळं बघत असतो, आणि दहातले आठ जण एकच प्रश्न विचारतात. परवा एक आजी कळवळून म्हणाल्या, "ताई, डोकामा करंट सोडतस का?"

नाही हो. मशीन काही सोडत नाही, नुसतं घेतं. मेंदूतल्या लाखो पेशी एकदम काम करतात, तेव्हा थोडीशी वीज तयार होते. कवटी आणि कातडी ओलांडून ती वर पोचेपर्यंत इतकी क्षीण होते की तिचं माप मायक्रोव्होल्टमध्ये करावं लागतं. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. त्याचे तीस हजार भाग केले तर एक भाग पन्नास मायक्रोव्होल्टचा, आणि आम्ही ज्या लाटा पाहतो त्या साधारण तेवढ्याच. आजींना मी सेल दाखवून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग इतलासाठे इतला मोठा मशीन?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वीज इतकी बारीक असल्यामुळे आमची पहिली लढाई खोबरेल तेलाशी असते. आपल्याकडे दवाखान्यात जायचं म्हणजे आई पोराला आंघोळ घालणार, चापून तेल लावणार, भांग पाडणार. पोरगं नीटनेटकं दिसलं पाहिजे ना! पण तेलातून वीज जात नाही. मग मी शांपू देऊन त्यांना परत बाथरूममध्ये पाठवते, डोकं वाळेपर्यंत तास जातो, आणि आईला वाटतं की ही बाई उगाच त्रास देतेय. हात जोडून सांगते, आदल्या दिवशी केस धुवा आणि तेल लावू नका.

केस कोरडे झाले की मी टेप काढते, शिंप्याकडे असते तशीच. नाकाच्या मुळाशी जो खळगा असतो तिथून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. त्या अंतराचे दहा आणि वीस टक्क्यांचे भाग पाडून टाळूवर पेन्सिलीने खुणा करायच्या. ही पद्धत हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ साली मांडली. जग अजून त्याच खुणांवर चालतं. प्रत्येक खुणेला आकडा असतो, विषम आकडे डावीकडे, सम आकडे उजवीकडे. आणि मेंदूची डावी बाजू उजवा हात हलवते, उजवी बाजू डावा. एवढं लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता खान्देशातला मे महिना. जळगावचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे. रुग्णाला घाम आला की स्क्रीनवरच्या सगळ्या रेषा झोपाळ्यासारख्या संथ वरखाली व्हायला लागतात. नवख्या माणसाला वाटावं की मेंदू मंदावलाय. मेंदू ठणठणीत असतो, घामाची खारट ओल तेवढी रेषा हलवते. एका उन्हाळ्यात तर वेगळाच प्रकार झाला. एका सकाळी सगळ्या रेषा सुतळीसारख्या जाड दिसायला लागल्या. सेकंदाला पन्नास लाटा, म्हणजे आपल्या घरच्या विजेचा वेग. मी कूलर बंद केला, ट्यूब बंद केली, मोबाइल बाहेर ठेवले. फरक नाही. तसा मशीनमध्ये फिल्टर असतो, बटण दाबलं की ही जाडी दिसेनाशी होते. पण बटण दाबून दुखणं झाकायचं नाही असं मला मुंबईत शिकवलं होतं. शेवटी आमच्या इलेक्ट्रिशियनभाऊंना बोलावलं. त्यांनी मशीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ इमारतीच्या मागे गेले, अर्थिंगच्या खड्ड्यावरचं झाकण काढलं. आतली माती पार वाळली होती, भेगा पडल्या होत्या. दोन बादल्या पाणी ओतलं. मी वर येऊन पाहते तर रेषा बारीक, स्वच्छ! तेव्हापासून मार्च ते जून त्या खड्ड्याला पाणी घालणं हे माझ्या डायरीत कामाच्या यादीत आहे. वडील यावल तालुक्यात केळी लावायचे. ते हसून म्हणाले, "म्हणजे शेवटी तूही पाणीच भरतेस."

डोळ्यांची उघडझाप, दात चावणं, मानेचा ताण, नाडीचा ठोका, सैल झालेली वाटी, या सगळ्यांच्या रेषा उमटतात. त्यातली मेंदूची कोणती आणि बाकीची कोणाची, हे ओळखणं म्हणजे माझी निम्मी नोकरी.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "मनातलं दिसतं का?" गंमत अशी की ज्यांनी हे शोधलं, त्यांनाही साधारण तेच पाहायचं होतं. हान्स बर्गर, जर्मनीतले मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडले आणि मरता मरता वाचले. त्याच दिवशी लांब घरी असलेल्या बहिणीला, भावाला काहीतरी झालंय असं वाटलं आणि तिने वडिलांना तार करायला लावली. माझे विचार तिच्यापर्यंत पोचले कसे, हे कोडं बर्गरांच्या डोक्यात आयुष्यभर राहिलं. १९२४ साली त्यांनी माणसाच्या मेंदूच्या लाटा पहिल्यांदा नोंदवल्या, पाच वर्षं कोणाला सांगितलं नाही, १९२९ साली छापलं. मधल्या काळात स्वतःच्या मुलाच्या डोक्यालाही तारा लावून झाल्या. विचार कसे पोचतात ते काही सापडलं नाही. सापडली ती सेकंदाला आठ ते तेरा वेळा येणारी एक शांत लाट, डोळे मिटले की येणारी आणि उघडले की जाणारी. 'डोळे मिटा' म्हटल्यावर डोक्याच्या मागच्या भागात ती लाट उमटते ना, सतरा वर्षांनंतरही मला ते बघायला आवडतं. पण तुम्ही सासूबद्दल काय विचार करताय, ते तिच्यात दिसत नाही. निश्चिंत राहा.

आता मला जे मुख्यतः सांगायचंय तिकडे येते.

तिसरीतली एक मुलगी आली होती. शाळेची तक्रार अशी, की हिचं लक्ष नसतं. श्रुतलेखनात मधलेच शब्द गाळते. बाईंनी दोनदा बाकावर उभं केलेलं. तारा लावून झाल्यावर तिला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला सांगायचं होतं. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि काही प्रकारच्या फिट त्या वेळी उघड होतात. (नंदुरबारकडून कोणी आलं तर त्याआधी मी सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे का ते विचारते, कारण ज्यांना तो आजार आहे त्यांच्याकडून हे करून घेत नाहीत.) लहान मुलं नुसता श्वास घेऊन कंटाळतात, म्हणून मी त्यांच्या हातात कागदाची भिंगरी देते. मुलगी फुंकायला लागली. भिंगरी गरगर फिरत होती. दोन मिनिटं झाली, आणि भिंगरी थांबली. मुलीचे डोळे उघडे, समोर बघतायत, पापण्या किंचित थरथरतायत. स्क्रीनवर एका क्षणात सगळ्या रेषा उंच झाल्या, एक टोक आणि एक लाट, टोक, लाट, सेकंदाला तीन, छापल्यासारखं. मी मोठ्याने म्हटलं, "वांगं." नऊ-दहा सेकंदांत रेषा पूर्ववत झाल्या आणि मुलगी काही झालंच नाही अशी पुन्हा फुंकायला लागली. मी विचारलं, "बाळ, मी आत्ता कोणती भाजी म्हटली?" ती म्हणाली, "तुम्ही कुठे काय म्हटलं?"

आई शेजारीच बसली होती. ती तोंडावर पदर धरून म्हणाली, "अशी तर ती रोज थांबते."

तो 'वांगं' शब्द म्हणायला मी चूक करून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी असाच एक मुलगा होता, थोडा मोठा. रेकॉर्डिंग चालू असताना चाळीस सेकंद रेषा बिघडल्या. मी खुश! सापडलं की! डोळे स्क्रीनला खिळलेले. संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "तेव्हा पोरगा काय करत होता? बोलत होता? हात हलला? कोणता?" मला काहीच सांगता येईना. चाळीस सेकंद तो माझ्यापासून चार फुटांवर होता आणि मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "रेषा तर मशीनने साठवल्याच होत्या." त्या मुलाला पुन्हा सगळी रात्र जागवून, तीन तासांची एसटी करून यावं लागलं.

जागरणाचंही सांगून टाकते. झोपेच्या सीमेवर मेंदू जास्त बोलतो, म्हणून आम्ही रात्री जागवून आणायला सांगतो. लोक बिचारे अख्खं घर जागं ठेवतात, टीव्ही लावतात, पत्ते खेळतात. आणि पहाटे नंदुरबारहून रेल्वेत बसलं की पोरगं जळगावपर्यंत गाढ झोपतं. माझ्या टेबलावर येतं तेव्हा टवटवीत! प्रवासात झोपू देऊ नका हो. आणि गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चुकवू नका. 'पट्टीत नीट दिसावं म्हणून' गोळी बंद करून आलेला एक जण मी लिफ्टमध्ये फिट येऊन पडलेला पाहिलाय. फिट आली की माणसाला कुशीवर करायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काही घालायचं नाही. कांदा, चप्पल, चावी यांनी ती थांबत नाही. ती बहुतेक वेळा आपली आपण थांबते, आणि श्रेय चपलेला जातं. पाच मिनिटांच्या वर गेली तर मात्र गाडी काढा.

तारा सोडवताना नातेवाईक हळूच विचारतात, "मॅडम, काय निघालं?" मला दिसलेलं असतं, पण सांगायचा अधिकार माझा नाही, आणि ते बरोबरच आहे. पण माझा चेहरा तर सगळे वाचतात! म्हणून मी कापूस आणि कोमट पाणी घेऊन केसांतली पेस्ट काढत बसते, खाली मान घालून. एक रेघ मात्र अशी आहे की ती दिसली की मला पाणी प्यायला बाहेर जावंसं वाटतं. दर काही सेकंदांनी, घड्याळ लावल्यासारखी एक मोठी लाट येते आणि तिच्याबरोबर मुलाचं अंग दचकतं. लहानपणी गोवर होऊन गेल्यावर काही वर्षांनी होणारा तो मेंदूचा आजार. त्यातून परत आलेलं पोर मी पाहिलेलं नाही. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

लग्नाचं बोलायचं नव्हतं, पण बोलते. मुलीचा बाप येतो आणि म्हणतो, नॉर्मल असा कागद द्या, सोयरीक जमायचीय. कागद नॉर्मल येऊही शकतो. अपस्मार असलेल्या कित्येकांची पहिली पट्टी नॉर्मलच येते, कारण त्या अर्ध्या तासात काही घडलं नाही एवढाच तिचा अर्थ. तो दाखवून लग्न लावतात, सासरी मुलगी लपूनछपून गोळ्या घेते, मग घेत नाही, आणि चुलीपाशी फिट येते. भाजलेले हात मी पाहिलेत. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये अपस्माराचा शब्द होता, तो १९९९ साली काढून टाकला. कायद्यातून निघाला, सोयरिकीतून निघायचा आहे.

आता शेवटचं. मागच्या महिन्यात शिरपूरकडून एका तरुणाला घेऊन अकरा माणसं आली. काका, मामा, सरपंच, दोन मित्र. मी विचारलं, फिट येताना कोणी पाहिलं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सगळ्यांनी तो जमिनीवर पडलेला पाहिला होता, पडायच्या आधीचा कोणी नाही. मग काकू म्हणाल्या, धाकटी बहीण होती जवळ, पण तिची शाळा बुडेल म्हणून आणली नाही. आठ वर्षांची. मी म्हटलं, लावा फोन. शाळेतल्या सरांनी तिला वर्गातून बोलावलं. मी विचारलं, दादाला काय झालं गं आधी? ती जरा थांबली. मग घडाघडा म्हणाली, "आधी हात नाचना. जेवाना हात नही, दुसरा. मंग मान तिकडेच फिरनी, मंग पडना."

मी ते तसंच्या तसं नोंदीच्या कागदावर लिहिलं. आणि खुर्ची ओढून सम आकड्यांच्या रेषा पहिल्यापासून पुन्हा पाहायला बसले.