मिठाने खाल्लेले ब्रेक

(दृश्य: गॅरेज. लिफ्टवर चढवलेला पिकअप ट्रक, खालच्या बाजूने.)

हा ट्रक साधारण २००० सालचा. वरून रंग शाबूत, दारं घट्ट, इंजिन ठणठणीत. आता गाडीच्या पोटाखाली या. चालकाच्या बाजूने चासीला लागून एक नळी पुढून मागे गेली आहे. हीच ब्रेकची पाइप. पोलादी, जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाडीची, पेन्सिलीहूनही बारीक.

मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं आणि गंजाची खपली निघाली. प्लास्टिकची क्लिप जिथे पाइपला धरते, तिथली अवस्था सगळ्यात वाईट. क्लिपमागे चिखल बसतो, चिखलात मीठ असतं, आणि ते वाळतच नाही.

(दृश्य: पहाटेचा रस्ता. मीठ फेकत जाणारी सरकारी गाडी.)

हे मीठ समुद्राचं नाही. आपण आहोत अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, इथून समुद्र शेकडो मैल लांब. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे ३५० मीटर खोल मिठाची खाण आहे, आणि बर्फ पडला की तो वितळावा म्हणून तसलंच खाणीतलं मीठ रस्त्यावर येतं. अमेरिकेत दरवर्षी एक कोटी टनांहून जास्त मीठ रस्त्यांवर पडतं. ते टाकतं रस्त्यांचं सरकारी खातं, म्हणजे सरकारच. एवढं लक्षात असू द्या, पुढे लागेल.

(दृश्य: ब्रेक पेडल जवळून. नंतर फुटलेली पाइप, थेंबथेंब गळणारं ऑइल.)

पेडलवर पाय पडला की मास्टर सिलिंडरमधल्या ऑइलवर दाब येतो आणि तो दाब या पाइपमधून चाकांपर्यंत जातो. पाइप गंजून पातळ झाली, तरी रोजच्या हलक्या ब्रेकला ती टिकते. ती फुटते जोरात ब्रेक मारल्यावर, म्हणजे नेमकी गरजेच्या वेळी. पेडल खाली बसतं. १९६८ पासून अमेरिकेत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग बंधनकारक आहेत, म्हणून एक गेला तरी दुसरा काही प्रमाणात काम करतो. गाडी थांबते, पण बरीच पुढे जाऊन. चौकात तेवढं पुढे जाणंही कुणाच्या तरी अंगावर येतं.

(दृश्य: वॉशिंग्टन. परिवहन खात्याची इमारत.)

अशा तक्रारी येतात राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे. १९६६ च्या कायद्याने अमेरिकन सरकारला सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा, म्हणजे रिकॉलचा, अधिकार मिळाला. कामाची पद्धत ठरलेली आहे. गाडीमालक तक्रार नोंदवतो आणि ती कुणालाही वाचता येते. एकाच प्रकारच्या तक्रारी साचू लागल्या की छाननी, मग प्राथमिक तपास, त्यातून काही निघालं तर अभियांत्रिकी विश्लेषण. या टप्प्यांत कंपनीकडून वॉरंटीचे दावे, भागांची चित्रं आणि डिझाइनमधले बदल मागवले जातात. इतर कंपन्यांच्या तशाच गाड्यांशी तुलना होते. दोष सिद्ध झाला तर गाड्या परत बोलवायच्या आणि दुरुस्ती फुकट करून द्यायची. फायरस्टोन कंपनीच्या टायरांमुळे जीवघेणे अपघात झाल्याचं प्रकरण गाजल्यावर, २००० साली, कंपन्यांना मृत्यू, जखमी आणि तक्रारींची माहिती स्वतःहून देणंही सक्तीचं झालं.

जनरल मोटर्सच्या पिकअप आणि एसयूव्हींच्या ब्रेक पाइपांचा तपास २०१० मध्ये सुरू झाला. २०११ च्या जानेवारीत तो वरच्या टप्प्यावर गेला. गाड्या सुमारे ५० लाख, आणि तक्रारींमध्ये मिठाच्या पट्ट्यातली, म्हणजे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणारी, राज्यं पुढे.

(दृश्य: गंजलेल्या पाइपांचा ढीग. एकेक हातात घेऊन दाखवणारा मेकॅनिक.)

खरी अडचण 'दोष' कशाला म्हणायचं ही होती. १९७५ मध्ये याच कंपनीच्या पिकअपच्या चाकांवरून खटला झाला होता. अपील न्यायालयाने कसोटी घालून दिली: वापरात लक्षणीय संख्येने भाग निकामी होत असतील तर तो दोष. मालकाने गाडी वाईट वापरली तरी, तसा वापर आधी कळण्यासारखा असेल, तर तीही जबाबदारी कंपनीची. मात्र वयामुळे झालेली नेहमीची झीज यातून वगळली.

मग दहा-बारा वर्षांत सडलेली पाइप ही झीज की दोष? आम्हाला विचाराल तर, मिशिगनमध्ये विकल्या जाणाऱ्या ट्रकवर मीठ पडणार हे कारखान्यात सगळ्यांना माहीत असतं. पुण्याहून येऊन इथे गाड्यांच्या कंपन्यांत नोकरी करणारी आपली माणसंसुद्धा पहिल्याच हिवाळ्यात गाडी खालून धुवायला शिकतात. पुढच्या गाड्यांच्या पाइपांवर नायलॉनचं आवरण आलं. म्हणजे उपाय होता.

(दृश्य: कार वॉश. गाडीखाली पाण्याचे फवारे.)

एप्रिल २०१५ मध्ये तपास बंद झाला. रिकॉल नाही. इतर कंपन्यांच्या त्या काळातल्या गाड्यांतही हेच होतं, ही झीज आहे, असा निष्कर्ष निघाला. मालकांना सल्ला मिळाला: गाडी खालून धूत जा, आणि सात वर्षांपुढच्या गाडीचे ब्रेक पाइप तपासून घ्या. पाइप बदलायचा खर्च मालकाचा.

सल्ला चांगलाच आहे, जरूर पाळा. पण मीठ टाकणारं सरकार, झीज ठरवणारं सरकार, आणि धुवायचं मालकाने, हे आम्हाला पटत नाही. त्यात मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची ठरावीक काळाने सक्तीची तपासणीही होत नाही. मग ही पाइप बघणार कोण?

(दृश्य: रत्नागिरी. समुद्राकाठी लावलेल्या गाड्या.)

आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू आहेत. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर तक्रार करता येते, कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण हे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच लागू आहेत. खासगी गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची. कोकणच्या खाऱ्या हवेत ब्रेक पाइपला गंज धरायला लागतो तोवर ही मुदत निघून गेलेली असते. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या तक्रारींना ही सात वर्षांची अट लावू नये, अशी आमची मागणी आहे. तोवर सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर गेली की मेकॅनिकला सांगा, बॅटरीचा उजेड क्लिपच्या मागे मार.