नेमका एकच शेजारी : संगणकातल्या हिमस्फटिकाची वाढ

(दृश्य : षटकोनी घरांची रिकामी जाळी. मधलं एक घर निळं होतं.)

या जाळीत प्रत्येक घराला सहा शेजारी आहेत. मधलं घर गोठलेलं, बाकी सगळी मोकळी. ज्या मोकळ्या घराला नेमका एक गोठलेला शेजारी आहे, ते पुढच्या पायरीला गोठतं. दोन असले तर नाही. गोठलेलं घर पुन्हा वितळत नाही. हिमस्फटिकाच्या वाढीसाठी भौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन पॅकार्ड यांनी १९८०च्या दशकात मांडलेला हा सेल्युलर ऑटोमेटन, म्हणजे प्रत्येक घराची पुढची स्थिती शेजाऱ्यांवरून ठरवणारी जाळी.

बाष्पाचं बर्फ होताना अप्रकट उष्मा बाहेर पडतो. जिथे आजूबाजूला बर्फ जास्त, तिथे ही उष्णता गोठण्याला अडवते. ‘नेमका एक’ ही अट त्या अडवणुकीचं अगदी ढोबळ रूप आहे.

(दृश्य : एकेक पायरी सावकाश. कोपऱ्यात एकूण गोठलेल्या घरांचा आकडा.)

पहिल्या पायरीला सहाही शेजारी गोठतात, एकूण ७. केंद्रापासून दोन घरं दूर असलेल्या दुसऱ्या कड्यात १२ घरं आहेत. सहा कोपऱ्यांना एकेक गोठलेला शेजारी, त्यांच्या मधल्या सहा घरांना दोन-दोन. कोपरे तेवढे गोठतात, १३. मधली सहा घरं आता कायमची रिकामी, कारण गोठलेले शेजारी वाढतात, कमी कधीच होत नाहीत. तिसऱ्या पायरीला प्रत्येक टोकापुढची तीन घरं गोठतात आणि तिसरं कडं पूर्ण भरतं, ३१.

आता चौथी पायरी नीट बघा. फक्त सहा घरं वाढतात, ३७. भरलेल्या कड्याच्या बाहेर कोपरे सोडले तर प्रत्येक घर दोन गोठलेल्या घरांना टेकतं. पुढे ५५, ८५, आणि सातव्या पायरीला १२७; कडं पुन्हा पूर्ण. मग परत फक्त सहा. पंधराव्या पायरीला ४९९, तेव्हाही तेच. फांद्या फुटणं आणि कडं भरणं यांचा हा ताल या नियमातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. सातव्या पायरीच्या षटकोनात १६९ घरं असतात. त्यातली ४२ कधीच गोठत नाहीत.

चौकोनी जाळीवर चार शेजारी धरून हाच नियम चालवला, तर आकडे १, ५, ९, २१ असे जातात आणि आकृती चार हातांची होते. म्हणजे सहा फांद्या नियमाने नाही, जाळीने दिल्या.

(दृश्य : प्रोग्रॅमची खिडकी.)

प्रोग्रॅम लिहिताना साधी द्विमितीय सारणी पुरते. आडवे दोन, उभे दोन आणि एकाच कर्णावरचे दोन, असे सहा शेजारी घ्यायचे. दुसरा कर्णही मोजला तर शेजारी आठ होतात आणि आकृती बिघडते. दाखवताना प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा अर्ध्या घराने सरकवायची. जुनी आणि नवी सारणी वेगळी हवी. एकाच सारणीत बदल केले, तर आत्ताच गोठलेलं घर त्याच पायरीत मोजलं जातं आणि स्फटिक एका बाजूला कलतो. १०० पायऱ्यांसाठी किमान २०१ घरांची बाजू लागते.

पॅकार्डच्या नियमात बाष्पाचा हिशेब नाही. तो गणितज्ञ क्लिफर्ड रायटर यांच्या २००५च्या प्रारूपात आहे. तिथे प्रत्येक घरात पाण्याचा आकडा असतो. तो १ किंवा जास्त झाला की बर्फ. सुरुवातीला मध्यभागी १, इतरत्र बीटा, म्हणजे सुरुवातीच्या बाष्पाचा ठरवलेला आकडा. बर्फ आणि बर्फाला टेकलेली घरं आपलं पाणी धरून ठेवतात आणि त्यात दर पायरीला गॅमा हा ठरावीक छोटा आकडा मिळवला जातो. उरलेल्या घरांतलं पाणी पसरतं. ते किती वेगाने, हे अल्फा ठरवतो : अल्फा १ असेल, तर घराच्या नव्या आकड्यात स्वतःचा अर्धा आणि प्रत्येक शेजाऱ्याचा बारावा हिस्सा येतो. या पसरण्यात पाणी धरून ठेवणाऱ्या घरांचा आकडा शून्य धरायचा.

बीटा ०.४ आणि गॅमा ०.००१ घेतले, तर फांद्या येतात. पुढे आलेल्या टोकाला ताजं बाष्प मिळतं, खाचेतलं घर उपाशी राहतं. गॅमा खूप वाढवला, तर बाष्प पोहोचो न पोहोचो, काठावरची सगळी घरं सारख्याच वेगाने भरतात आणि सपाट षटकोनी चकती तयार होते.

इथे सारणीची कड त्रास देते. कडेची घरं बीटावर धरलेली असतात, म्हणजे तिथून बाष्प सतत येत राहतं. सरकवलेल्या ओळींमुळे सारणी प्रत्यक्षात समांतरभुज चौकोन असते, त्यामुळे काही फांद्या कडेच्या जवळ येतात, काही दूर राहतात आणि सममिती मोडते. केंद्रापासून ठरावीक अंतरापर्यंतचा षटकोन आखावा, बाहेरची घरं बीटावर ठेवावीत आणि फांद्या त्या सीमेजवळ यायच्या आत चालवणं थांबवावं.