रेडिओचं बटण कुणाच्या हातात? भारतातल्या प्रसारणाची पहिली साठ वर्षं

नमस्कार मंडळी.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबईत एका रेडिओ केंद्राचं उद्घाटन केलं. चालवणारी कंपनी खासगी होती, तिचं नाव इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. महिन्याभराने कलकत्त्यालाही तिचं केंद्र सुरू झालं. आणि १ मार्च १९३० ला, म्हणजे तीन वर्षं व्हायच्या आधीच, ही कंपनी दिवाळखोरीत निघाली.

का बुडाली? कलावंतांचा तुटवडा नव्हता. मुंबई आणि कलकत्ता ही तेव्हा गाण्याची आणि नाटकाची शहरं होती. यंत्रंही नीट चालत होती. अडचण होती ऐकणाऱ्याच्या घरात. रेडिओ संच परदेशातून यायचा आणि तो परवडणारी माणसं मूठभर. संच घेतला की वर्षाला दहा रुपयांचं लायसन्स काढायचं. त्यातले आठ रुपये कंपनीला, शिवाय आयात होणाऱ्या संचांवर थोडी पट्टी. एवढ्यावर दोन केंद्रं चालवायची. तीस कोटींहून जास्त लोकसंख्येच्या देशात कंपनी बंद पडली तेव्हा लायसन्सं आठ हजारसुद्धा नव्हती.

आपल्याकडे रेडिओचा आणि टीव्हीचा इतिहास सांगताना केंद्रांची यादी सांगतात. अमुक साली अमुक शहरात केंद्र, तमुक साली दुसरं. मला वाटतं, खरी गोष्ट दुसऱ्या टोकाला घडली. संच कुणाकडे होता? तो कुठे ठेवला होता? आणि त्याचं बटण फिरवायचा हक्क कुणाला होता? आज याच बाजूने बघू या.

[पडद्यावर: १९२१–१९३६]

सुरुवात हौशी लोकांनी केली. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने पोस्ट-तार खात्याच्या मदतीने मुंबईहून गाण्याचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित केला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात बसून ऐकला. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने प्रसारण केलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याच्या क्लबने, आणि १९२४ मध्ये मद्रासला तिसरा क्लब उभा राहिला. वर्गणी काढून चाललेलं काम होतं हे. मद्रासचा क्लब पैशांअभावी १९२७ मध्ये थांबला.

कंपनी बुडाल्यावर सरकारने १ एप्रिल १९३० पासून दोन्ही केंद्रं ताब्यात घेतली. पण तिजोरीला तेही जड वाटायला लागलं. ऑक्टोबर १९३१ मध्ये सरकारने प्रसारण बंद करायचं ठरवलं. तेव्हा एक गोष्ट घडली, जी मला फार महत्त्वाची वाटते: ज्यांनी पदरचे पैसे घालून संच घेतले होते ते श्रोते आणि संच विकणारे व्यापारी उभे राहिले. ओरड इतकी झाली की महिना-दीड महिन्यात सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. पुढच्या वर्षी डिसेंबरात बीबीसीची एम्पायर सर्व्हिस सुरू झाली. इथले युरोपियन लोक ती ऐकण्यासाठी संच घेऊ लागले आणि लायसन्सं वाढली. म्हणजे आपल्या रेडिओला जीवदान मिळण्यात लंडनहून येणाऱ्या बातम्यांचाही हात होता.

१९३५ मध्ये बीबीसीतून लायनेल फील्डन नावाचा अधिकारी प्रसारणाचा प्रमुख म्हणून आला. १ जानेवारी १९३६ ला दिल्ली केंद्र सुरू झालं आणि ८ जूनपासून सेवेचं नाव झालं ऑल इंडिया रेडिओ. या काळातला एक तांत्रिक निर्णय समजून घ्या, कारण पुढे तोच सरकारच्या अंगावर आला. मध्यम लहरींचं केंद्र आजूबाजूच्या मर्यादित भागात चांगलं ऐकू येतं. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात. आवाज कमीजास्त होतो, खरखर असते, पण मोजक्या केंद्रांत सगळा देश झाकता येतो. पैसा थोडा आणि देश अवाढव्य, म्हणून लघुलहरींवर भर दिला गेला. साहजिकच इथल्या संचांवर लघुलहरींचा पट्टा आला. आणि त्या पट्ट्यावर परदेशी केंद्रंही सापडायची.

लहरी कुणाच्या मालकीच्या नसतात, हे १९४२ मध्ये मुंबईत दिसलं. ऑगस्टच्या अखेरीस उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला, ४२.३४ मीटरवर. पोलिस लहरींचा माग काढत यायचे, म्हणून ट्रान्समीटर या घरातून त्या घरात हलवायचा. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी केंद्र पकडलं. उषाबेन तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. सरकारी केंद्र जे दडवत होतं ते जवळपास अडीच महिने मुंबईतून देशाला ऐकवण्याची हिंमत या मुलांनी केली. प्रसारणाच्या इतिहासात त्यांना पहिल्या पानावर जागा हवी.

[पडद्यावर: १९४७ – दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली, लखनौ]

फाळणीनंतर आपल्या वाट्याला ही सहा केंद्रं आली. लाहोर, पेशावर आणि ढाका पाकिस्तानात गेली. सहा केंद्रांचा आवाज देशाच्या अडीच टक्के भूभागावर आणि अकरा टक्के लोकांपर्यंत पोहोचत होता. लायसन्सं होती पावणेतीन लाखांच्या आसपास. हे आकडे डोक्यात ठेवा, कारण पुढचे सगळे वाद याच एवढ्याशा श्रोतृवर्गावरून झाले.

त्यातला सगळ्यात गाजलेला वाद आपल्याच माणसाचा. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. पुण्याचे, पॅरिसला शिकलेले, शास्त्रीय संगीताचे जाणकार. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं ते नभोवाणी मंत्री होते. संस्थानं गेली, राजाश्रय संपला, आता गवयांना आधार कुणाचा? रेडिओचा, असं त्यांचं उत्तर होतं. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रेडिओ संगीत संमेलन त्यांच्याच काळात रुजलं. कितीतरी कलावंतांची घरं आकाशवाणीच्या मानधनावर चालली, आणि याचं श्रेय केसकरांना मोकळ्या मनाने दिलं पाहिजे. पण त्याच काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली.

लोकांनी काय केलं? पट्टा बदलला. महायुद्धात दोस्त सैन्याने सिलोनमध्ये जबरदस्त ताकदीचा लघुलहरी ट्रान्समीटर बसवला होता. तो नंतर रेडिओ सिलोनला मिळाला. डिसेंबर १९५२ पासून त्यावर अमीन सयानींच्या आवाजात बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि कोलंबोचं केंद्र भारतातल्या घराघरात शिरलं. संच ज्याने विकत घेतला होता, बटण त्याच्या हातात होतं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. श्रोत्यांनी कुठे मोर्चा काढला नव्हता, त्यांनी फक्त काटा सरकवला होता.

आता खेड्यात चला. तिथे घरात संच नाही, बहुतेक गावांत वीज नाही. गावाला मिळून एक संच, चावडीत किंवा शाळेत, बॅटरीवर चालणारा. बॅटरी उतरली की ती भरून आणायला गावाबाहेर न्यायची. कार्यक्रम कुठला लावायचा हे संच सांभाळणारा ठरवणार. इथे लोक पट्टा बदलू शकत नव्हते. मग त्यांचं म्हणणं केंद्रापर्यंत जाणार कसं?

या प्रश्नाचं सगळ्यात सुंदर उत्तर आपल्या पुण्यातून आलं, आणि पुणेकरांनाही ते फारसं माहीत नाही. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. त्याचं नाव निघालं की गीतरामायण आठवतं, आणि ते साहजिकच आहे. १९५५ च्या रामनवमीपासून दर आठवड्याला गदिमा आणि बाबूजींचं एक नवं गाणं, अशी छप्पन्न गाणी. पण १९५६ च्या पहिल्या काही महिन्यांत याच केंद्राने आणखी एक मोठं काम केलं: नभोवाणी शेतकरी मंडळं. युनेस्कोची मदत होती. मुंबई राज्याच्या मराठी भागातल्या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात जास्तीत जास्त वीस जणांचं मंडळ, त्याचा एक अध्यक्ष, एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत वीस.

कार्यक्रम संपला की संच बंद करायचा आणि बोलायला बसायचं. पटलं का? आपल्या गावात होईल का? पैसा कुठून आणायचा? चिटणीस सगळं टिपून घेणार, कागद पुण्याला पाठवणार, आणि पुढच्या कार्यक्रमात त्या प्रश्नांची उत्तरं रेडिओवरून मिळणार. आपण पाठवलेला प्रश्न रेडिओतला माणूस वाचतोय, हे ज्या गावाने पहिल्यांदा ऐकलं असेल त्याला काय वाटलं असेल!

या प्रयोगाची तपासणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. पॉल न्यूराथ हे समाजशास्त्रज्ञ या तपासणीचे प्रमुख होते. त्यांनी तीन प्रकारची गावं ताडून पाहिली: मंडळ असलेली, नुसता संच असलेली, आणि संचही नसलेली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली. नुसता संच होता तिथे वाढ जेमतेम, आणि संच नव्हता तिथे जवळजवळ नाहीच. म्हणजे फरक पडला तो ऐकून झाल्यावरच्या बोलण्याने. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेली गेली.

[पडद्यावर: १५ सप्टेंबर १९५९, दिल्ली]

टेलिव्हिजन आला तोही असाच. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी दिल्लीत उद्घाटन केलं. ५०० वॅटचा छोटा ट्रान्समीटर, युनेस्कोच्या पैशातून घेतलेले संच, ते दिल्लीतल्या वस्त्यांमध्ये सार्वजनिक जागी ठेवलेले. आठवड्यातून दोनच दिवस कार्यक्रम, बघायला टेलिक्लबचे, म्हणजे एकत्र बसून टीव्ही बघणाऱ्या मंडळांचे, सदस्य. १९६१ मध्ये शाळांसाठी विज्ञानाचे पाठ सुरू झाले, १९६५ मध्ये प्रसारण रोजचं झालं. २६ जानेवारी १९६७ ला कृषिदर्शन आलं, दिल्लीजवळच्या ८० गावांसाठी. मुंबईला टीव्ही यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झालं आणि पुण्यात चित्र दिसू लागलं.

आता मला थोडा वेळ लागणार आहे तो 'साइट' या प्रयोगासाठी. उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शन. विक्रम साराभाईंची ही कल्पना. शहरांत टीव्ही आणायचा आणि मग हळूहळू खेड्यांकडे जायचं, हा क्रम त्यांना मान्य नव्हता. सगळ्यात दूरच्या गावांपासून सुरुवात करा, असं ते म्हणत. १९६९ मध्ये नासाशी करार झाला. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले. पुढचं काम अहमदाबादला शास्त्रज्ञ यशपाल यांच्या नेतृत्वाखाली झालं, आणि कार्यक्रमाचे व्यवस्थापक होते कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस.

१ ऑगस्ट १९७५ ला अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून प्रसारण सुरू झालं. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण सोलापूरला लागून असलेले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे होते. गावात दहा फुटांची छत्री, म्हणजे अँटेना, तीही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची. अवकाशातून थेट त्या जाळीवर. काही गावांत वीज नव्हती, तिथे संच बॅटरीवर. सकाळी दीड तास मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी: शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, लोककला. हिंदी, उडिया, तेलुगू आणि कानडीत. सुट्टीच्या दिवसांत त्याच संचांवरून जवळपास ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. मानवशास्त्राचे अभ्यासक वर्षभर गावांत राहिले, कोण येतं, कुठे बसतं, काय लक्षात ठेवतं ते लिहीत. ज्यांना अक्षरओळख नव्हती असे कितीतरी लोक आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या माध्यमाचे प्रेक्षक झाले होते.

उपग्रह वर्षाच्या बोलीवर मिळाला होता. ३१ जुलै १९७६ ला प्रसारण थांबलं. जमिनीवरचे ट्रान्समीटर उभारून काही गावांची सोय पुढे झाली, बाकीच्यांची नाही. गुजरातेत मात्र खेडा जिल्ह्यात पीज इथल्या छोट्या ट्रान्समीटरवरून काम चालू राहिलं. तिथे बरेच संच दूध सोसायट्यांत असायचे आणि कार्यक्रम गावकऱ्यांच्या भाषेत, त्यांच्याच प्रश्नांवर व्हायचे.

मग वारं फिरलं. १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं होतं. १५ ऑगस्ट १९८२ ला रंगीत चित्र आणि दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आला, नोव्हेंबरात आशियाई खेळ. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर शंभराहून जास्त ट्रान्समीटर उभे राहिले. पोहोच प्रचंड वाढली. पण आता संच घराघरात होता, कार्यक्रम दिल्लीचा होता, आणि बघून झाल्यावर बोलायला बसणारं मंडळ कुठेच नव्हतं. पुण्यात आणि खेडा जिल्ह्यात जे सिद्ध झालं होतं ते बाजूला पडलं. माझ्या मते आपल्या प्रसारणाचं सगळ्यात मोठं नुकसान हेच, कारण तंत्र आणि अनुभव दोन्ही हातात होतं.

एक काम तुमच्यासाठी. नभोवाणी शेतकरी मंडळात बसलेली माणसं आता ऐंशी-नव्वदीत असतील. तुमच्या घरात किंवा गावात कुणी असेल तर त्यांना विचारा: संच कुठे असायचा, किल्ली कुणाकडे असायची, बायकांना आणि गावकुसाबाहेरच्या लोकांना आत बसायला मिळायचं का, आणि पुण्याला कुठला प्रश्न पाठवला होता. त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. परवानगी असेल तर गावाचं नाव आणि त्यांची आठवण खाली लिहा. पुरेशा आठवणी जमल्या तर त्या मंडळांवर वेगळा व्हिडिओ करायची माझी मनापासून इच्छा आहे. भेटू या.