पाच टॅब आणि चौथं वर्ष

श्रोतेहो, नमस्कार. आज प्राथमिक शाळेतल्या टॅबविषयी बोलू, पण सुरुवात जरा मागून करू.

रायगड जिल्ह्यात खैरात नावाचं एक छोटं गाव आहे. २००७ साली तिथल्या जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेत एक नवल आलं. एकच खोली, सगळ्या इयत्तांची मिळून वीस-बावीस मुलं, आणि प्रत्येकाच्या हातात हिरवा-पांढरा छोटासा लॅपटॉप. प्रत्येक मुलाला स्वतःचा लॅपटॉप द्यायचा, अशी एक मोहीम अमेरिकेतून निघाली होती, तिचा भारतातला हा पहिला प्रयोग. यंत्र मुलांचा विचार करूनच बनवलेलं होतं. भर उन्हात पडदा वाचता यायचा, वीज कमी लागायची. शंभर डॉलरमध्ये देऊ म्हणाले होते, ती किंमत प्रत्यक्षात दोनशेच्या जवळ गेली.

याच मोहिमेतून दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने लाखो लॅपटॉप घेतले. तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला, त्याचा अहवाल २०१२ साली आला. मुलं लॅपटॉप सराईतपणे वापरायला शिकली होती. गणितात आणि भाषेत मात्र, लॅपटॉप न मिळालेल्या शाळांपेक्षा ती पुढे गेलेली नव्हती. एवढा खर्च करून!

आता आपल्या शेजारच्या बडोद्याला या. गुजरात सरकारने तिथल्या महापालिकेच्या शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते, पण लहान वर्गांच्या हाती ते फारसे लागतच नव्हते. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००२ पासून ते संगणक कामाला लावले. चौथीची मुलं, एका संगणकावर दोघं, आठवड्यातून दोन तास, आणि फक्त गणिताचे खेळ. पुढे नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांबरोबर त्याचं मोजमाप केलं. गणित स्पष्ट सुधारलं होतं. कार्यक्रम बंद झाल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला, हेही त्यांनी मोजलं.

मला बोलायचंय ते पहिली ते चौथीच्या वर्गातल्या टॅबविषयी आणि मोबाईलविषयी, आणि त्यातही पैशांविषयी. कारण टॅब कसा वापरावा यावर प्रशिक्षणं पुष्कळ होतात. तो घ्यायला पैसे कुठून आणायचे आणि चौथ्या वर्षी तो चालू असेल याची सोय काय, यावर कोणी बोलत नाही.

सरकारी पैसा पाहू. समग्र शिक्षा या सरकारी शाळांसाठीच्या केंद्राच्या योजनेत संगणक कक्षासाठी तरतूद आहे, पण ती सहावीपासून बारावीपर्यंत. म्हणजे वाडीवरच्या चौथीपर्यंतच्या शाळेच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. तिला मिळतं ते संयुक्त शाळा अनुदान: पट तीसपर्यंत असेल तर वर्षाला १० हजार रुपये, तीसच्या वर शंभरपर्यंत असेल तर २५ हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. उरलेल्यात खडू, सतरंज्या, दुरुस्ती, विजेचं बिल. त्यातून टॅब कुठून निघणार?

म्हणून महाराष्ट्रात हे काम लोकवर्गणीतून झालं. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावर संदीप गुंड या शिक्षकाने शाळा डिजिटल केली आणि ती बघायला राज्यभरातून गुरुजी येऊ लागले. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या शाळा सुधारणा कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि गावोगावी चढाओढच लागली. कुणी यात्रेच्या वर्गणीतून शिल्लक काढून दिली, कुणी वडिलांच्या वर्षश्राद्धाचं जेवण न घालता ती रक्कम शाळेला दिली, मुंबईच्या चाकरमान्यांनी प्रोजेक्टर पाठवला. ग्रामपंचायतींनी वित्त आयोगाच्या निधीतून भर घातली. आपल्या राज्यातल्या साध्या माणसांनी सरकारी शाळेसाठी एवढा पैसा काढला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. तिचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालं नाही.

पण त्या पैशात एक खोट होती. देणारा वस्तू देतो. उद्‌घाटन होतं, फोटो निघतो, पेपरात येतो. दुसऱ्या वर्षी काच तडकते, चार्जरची पिन सैल होते, बॅटरी फुगते. त्यासाठी वर्गणी मागायला कोण जाणार, आणि देणार कोण? फुटक्या काचेसोबत कुणी फोटो काढून घेत नाही.

समजा, चाळीस मुलांची, दोन शिक्षकांची शाळा आहे. प्रत्येकाला टॅब म्हटलं तर दहा हजारांच्या दराने चार लाख झाले. तेवढे लागतच नाहीत. दोन शिक्षकी शाळेत एका गुरुजींकडे दोन वर्ग असतात. ते दुसरीला वजाबाकी शिकवत असताना पहिलीने काय करायचं, हा तिथला रोजचा प्रश्न. टॅबचा खरा उपयोग तिथे आहे. दहा मुलांचा एक वर्ग टॅबवर, दुसरा गुरुजींसमोर, वीस-पंचवीस मिनिटांनी अदलाबदल. दोघांत एक धरला आणि दोन्ही गुरुजींनी ते आळीपाळीने घेतले, तर पाच टॅब पुरे. पन्नास हजार रुपये. जाड रबरी कव्हर आणि काच मिळून चार हजार, मेमरी कार्डं दोन हजार, कुलपाचं कपाट आणि चार्जिंगचा बोर्ड आठ हजार. झाले चौसष्ट. आणि वर्षाला पाच हजार दुरुस्तीचे, असे चार वर्षांचे वीस. एकूण चौऱ्याऐंशी हजार. आकडे तुमच्या बाजाराप्रमाणे थोडे मागेपुढे होतील. पण वर्गणी मागताना चौऱ्याऐंशीच मागा. चौसष्ट मिळाले तर तीनच टॅब घ्या आणि दुरुस्तीचे पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर वेगळे ठेवा.

आणि दोघांत एक हा नाइलाज समजू नका. एकाच्या हाती टॅब असतो तेव्हा दुसरा त्याला म्हणतो, ‘अरे, तसं नाही, आधी हातचा घे.’ हे वाक्य वर्गात ऐकू आलं पाहिजे. एकेकट्या मुलाला टॅब दिला की वर्ग गप्प होतो, आणि पाहुण्यांना वाटतं काय शिस्त आहे!

आता एक गोष्ट सांगतो, ती शिक्षकांना नवी नाही, पण देणगीदारांना ठाऊक नसते. टॅब शाळेत आला की त्याची जडवस्तू नोंदवहीत नोंद होते. फुटला, हरवला तर मुख्याध्यापकाला उत्तर द्यावं लागतं. निर्लेखनाची, म्हणजे ती नोंद काढून टाकण्याची, कागदपत्रं करता करता माणूस बदलीला येतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी टॅब कपाटात जातात आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येतात. गुरुजी आळशी आहेत म्हणून नव्हे, घाबरलेले आहेत म्हणून. यावर उपाय समितीच्या हाती आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. वापरताना टॅब फुटला तर दुरुस्ती निधीतून होईल, मुलाकडून किंवा शिक्षकाकडून भरपाई घेणार नाही, असा ठराव टॅब येण्याआधी करून ठेवायचा. कपाटाचं कुलूप त्याने उघडतं.

कंपन्यांकडूनही मदत मिळते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि शिक्षण त्यात बसतं. घ्या, जरूर घ्या. पण सहीच्या आधी विचारा: आतला अभ्यासक्रम मराठीत आहे का? इंटरनेट नसताना चालतो का? परवाना किती वर्षांचा? एक वर्षाचा असला, तर पुढच्या जूनमध्ये पडदा उघडल्यावर ‘पैसे भरा’ एवढंच दिसेल. घरातले जुने मोबाईल कुणी देऊ केले तर मी तरी हात जोडून नको म्हणेन. बॅटऱ्या संपलेल्या असतात आणि नवी ॲप त्यांवर चालत नाहीत.

खरं तर विकतचं सॉफ्टवेअर लहान मुलांना फारसं लागतच नाही. गूगलचं ‘रीड अलाँग’ हे ॲप मूल मराठी वाचतं ते ऐकतं, अडलं तिथे मदत करतं, आणि गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेटशिवाय चालतं. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर नेतात. पाठ्यपुस्तकात असा कोड घालण्याची वाट आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी दाखवली, हे तुम्हाला माहीत असेलच.

पण माझं मत विचाराल, तर टॅबमधल्या सगळ्यांत उपयोगी वस्तू दोन: कॅमेरा आणि आवाज टिपायची सोय. तिसरीतल्या मुलीने धडा वाचायचा, टिपायचा, आणि स्वतःच ऐकायचा. ‘बाई, मी इथे थांबलेच नाही,’ असं ती आपणहून म्हणते. शाळेच्या आवारातल्या पानांचे फोटो काढून काठ कातरलेला की साधा असे गट पाडायचे. आजीकडून जात्यावरची ओवी टिपून आणायची. यातलं काहीच विकत मिळत नाही.

घरच्या मोबाईलचं काय? ‘असर’ या शिक्षणविषयक देशव्यापी पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वयाच्या मुलांना विचारलं, तर आठवडाभरात ५७ टक्के मुलांनी मोबाईलवर अभ्यासाचं काही केलं होतं आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमं पाहिली होती. ही सवय त्या वयाला पोचण्याआधीच लागलेली असते. म्हणून चौथीपर्यंतचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर टाकू नये, असं मला वाटतं. तो मोबाईल वडिलांच्या खिशात शेतावर गेलेला असतो, रात्री आठला येतो, आणि ऊसतोडीला गेलेल्या घरात तोही मिळेल याचा नेम नाही. करोनाच्या काळात शाळा बंद होत्या तेव्हा नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम लागायचा. तो ऐकायला स्मार्टफोन लागत नव्हता. रेडिओवर बसून रेडिओची एवढी फुशारकी चालेल ना?

वेळेचंही भान हवं. ऑनलाइन वर्गांसाठीच्या केंद्र सरकारच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ सूचनांमध्ये पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं सांगितली होती, तीही शाळा बंद असताना. शाळा भरत असताना पहिली-दुसरीला दिवसाची वीस मिनिटं पुष्कळ झाली.

आणि मे महिना. सुट्टीत टॅब पूर्ण उतरलेल्या अवस्थेत कपाटात राहिले, तर जूनमध्ये बॅटरी दगा देते. शेवटच्या दिवशी निम्मे चार्ज करून, पूर्ण बंद करून, सावलीच्या जागी ठेवा. महिन्यातून एकदा कुणीतरी जाऊन पुन्हा चार्ज लावावा. गावात राहणाऱ्या समिती सदस्याकडे हे काम द्या, गुरुजी सुट्टीला गावी गेलेले असतात.

ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून मांडायला घेतात. त्या दिवशी शाळेचा विषय निघाला, तर ‘शाळेस टॅब पुरवणे’ एवढंच लिहून देऊ नका. ‘शाळेस पाच टॅब, कपाट व चार वर्षांची देखभाल’ असं लिहून घ्या, आणि रक्कम त्याच ओळीत घालायला सांगा.

नमस्कार.