सोफ्याची चौकट उघडी हवी

मंडळी, विषय जाहीर झालाय तो ‘किनाऱ्यावरच्या दमट घरांसाठी सोफ्याची लाकडी चौकट कशी निवडावी’ असा. त्यावर बोलणारच आहे. पण आधी एक विचारतो. आपल्या घरातला सोफा उलटा करून त्याच्या पोटात काय आहे ते कुणी पाहिलंय? हात वर करा. तीन हात. त्यातले दोन सुतारांचे आहेत, ते मोजायचे नाहीत.

सोफा उलटा केलात की खाली काळं पातळ कापड पिना मारून ताणलेलं दिसतं. ते फाडून पाहा. आत बहुतेक वेळा पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन, प्लायचे तुकडे आणि पांढरट लाकडाच्या पट्ट्या निघतात. पाय तेवढे सागाचे, कारण पाय दिसतात. आणि पावतीवर लिहिलेलं असतं ‘सागवानी सोफा’. या गोष्टीचा मला मनापासून राग आहे. म्हणून आजचं म्हणणं आधीच सांगून टाकतो: समुद्रकाठच्या घरात पूर्ण मढवलेला सोफा घेऊच नये. चौकट उघडी असावी, गाद्या सुट्या असाव्यात. जी चौकट दिसते तिच्यात लबाडी करणं अवघड जातं, आणि जिला वारा लागतो ती सहजी कुजत नाही.

वाऱ्याचं एवढं काय, तर लाकूड सतत भोवतालच्या हवेशी बरोबरी साधत असतं. हवेतली आर्द्रता ५० टक्के असली की लाकडात वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी राहतं. ८० टक्क्यांना ते १६ च्या आसपास जातं आणि ९० ला २० च्या घरात. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, पणजी, कुठलंही गाव घ्या, जुलैमध्ये आपण त्याच ९० च्या आसपास असतो. लाकूड २० टक्क्यांच्या आत राहिलं तर बुरशी त्याला कुजवू शकत नाही. म्हणजे आपलं लाकूड पावसाळाभर उंबरठ्यावर उभं असतं. उघड्या चौकटीला चार दिवस ऊन-वारा मिळाला की ती मागे सरते. फोम, रेक्झिन आणि काळ्या कापडात कोंडलेली चौकट मागे सरत नाही. त्यात सोफा चिऱ्याच्या ओलसर भिंतीला चिकटवलेला, आणि घर जूनपासून गणपतीपर्यंत बंद. चाकरमानी दार उघडतात तेव्हा पहिला कुबट वास येतो तो बहुतेक सोफ्याचा.

आता सागाविषयी. साग म्हटलं की दुकानदार जहाजांचा दाखला देतो, आणि तो दाखला खरा आहे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी ‘ट्रिंकोमाली’ नावाची युद्धनौका बांधली. त्या काळी इंग्लंडला ओक पुरत नव्हता, म्हणून इंग्रज आरमार मलबारच्या सागाकडे वळलेलं. ती नौका आज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. मोठी डागडुजी झाली, तरी सांगाड्यातला बराचसा साग मूळचाच आहे. दोनशे वर्षांहून जास्त! मुंबईच्या गोदीची ती करामत आहे आणि आपण तिचा अभिमान बाळगला पाहिजे. ओकमधल्या आम्लाने लोखंडी बोल्ट खाल्ले जातात, सागात तो त्रास कमी, हेही आरमाराला मोलाचं वाटलं.

पण ते लाकूड कुठलं होतं? जंगलात सावकाश वाढलेल्या जुन्या, जाड झाडांचा गाभा. सागाला वाळवी लागत नाही असं म्हणतात, ते गाभ्यापुरतं खरं. गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, ते वाळवीला मानवत नाही. गाभ्याभोवतीच्या पांढऱ्या भागात ते संरक्षण नसतं, तिथे उलट किड्याला आवडणारा स्टार्च असतो. आज वखारीत येणारा लागवडीचा साग पुष्कळदा १५-२० वर्षांचा, कमी घेराचा. त्यात पांढऱ्याचं प्रमाण बरंच. नाव तेच, झाड तेच, पण त्यातून काढलेली पांढरी पट्टी आणि जहाजाची फळी यांचा काही संबंध नाही. म्हणून सुताराला ‘साग वापर’ एवढं सांगून भागत नाही. ‘पांढरं चालणार नाही’ हे पट्टी कापायच्या आधी सांगावं लागतं. पॉलिशमध्ये रंग मिसळला की पांढरं आणि गाभा एकसारखे दिसतात, तेव्हा चौकट पॉलिशच्या आधी बघायला जा.

आणि खिळा! हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. खाऱ्या हवेत लोखंडी खिळा गंजतो, एवढंच आपण धरतो. पण गंजताना तो भोवतालचं लाकूडही खातो. टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असलेल्या लाकडात, ऐनाच्या झाडाच्या लाकडात तर हमखास, खिळ्याभोवती काळा डाग पडतो, तंतू मऊ होतात, भोक मोठं होतं आणि सोफा करकरायला लागतो. लोक म्हणतात लाकूड वाईट निघालं. वाईट निघाला तो खिळा. सांध्यांना कुसू, म्हणजे पट्टीच्या टोकाला कोरलेली जीभ, आणि ती बसायला भोक, वर बांबूची किंवा सागाची खुंटी. स्क्रू लागलाच तर स्टेनलेस, ३०४ दर्जाचा चालेल, समुद्र अगदी समोर असेल तर ३१६ चा. पितळी स्क्रू नरम असतो, मुरडून तुटतो. त्यासाठी आधी भोक पाडून त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा फिरवून काढायचा, मग पितळी बसवायचा.

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे. आणि जाहीर केलेला विषय अजून तसाच आहे! भराभर सांगतो, लिहून घ्या.

लाकूड. सागाचा गाभा पहिला. फणसाचा पिवळा गाभा आपल्याकडे मिळतो, टिकतो, वाळवीला दाद देत नाही, वर्षागणिक गडद होतो. माझ्या मते त्याला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही. ऐन आणि किंजळ मजबूत, पण जड, आणि नीट वाळवले नाहीत तर पिळतात. बिवळा टिकाऊ, पण ओल लागली की रंग सोडतो आणि गादीचे अभ्रे पिवळे-तपकिरी करतो. आंबा नको, त्याला भुंगा लागतो. रबरवुड रासायनिक प्रक्रिया केलेलंच. प्लाय कुठे लागलाच तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ चौकटीत नकोच.

वाळवण. पिनांचा ओलावामापक घेऊन वखारीत जा. १२ ते १४ टक्के आकडा आला तर घ्या, १८ च्या वर असेल तर थांबा. चार इंची सागाची पट्टी १२ वरून १८ टक्क्यांवर गेली की रुंदीत सुमारे एक मिलिमीटर फुगते, लांबीत जवळपास नाही. सांधे ढिले होतात ते याच फरकाने.

मापं. तीन माणसांच्या सहा फुटी सोफ्याला पाय सव्वादोन इंची चौरस, बैठकीच्या चारी पट्ट्या चार बाय सव्वा इंच. सव्वा इंच म्हणजे दहा सूत, त्यात कुसू तीन सुताचं, लांबी दीड इंच. कोपऱ्यात दोन कुसवं पायाच्या आत एकमेकांना भेटतात, त्यांची टोकं ४५ अंशांत कापायची. पुढच्या पट्टीला मध्ये एक पाचवा पाय. बैठकीला पाऊण इंच जाडीच्या सव्वादोन इंची १६ पट्ट्या, मध्ये दोन-दोन इंच फट. फट असली की गादीला खालून वारा लागतो. तयार लाकूड पावणेदोन घनफूट भरतं. कापणीची घट धरून अडीच घ्या, फक्त गाभा हवा तर तीन.

थोडं पांढरं राहिलंच, तर पॉलिशच्या आधी कोऱ्या लाकडाला एक लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम टाकणखार आणि २० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून दोन-तीन हात द्या. हे पाण्याने धुऊन जातं, म्हणून फक्त घरातल्या सामानाला. मग पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, तीन हात, खालच्या आणि मागच्या बाजूलाही, नाहीतर एकाच बाजूने ओल शिरून पट्टी वाकते. पायांचे तळ लाकडाचे आडवे तोंड असतात, फरशी पुसल्यावरचं पाणी तिथून वर चढतं. तिथे जास्तीचा हात आणि नायलॉनच्या टोप्या. कच्चं जवसाचं तेल नको, त्यावर बुरशी धरते.

भिंतीपासून चार इंच अंतर. खाली पिठासारखा भुसा दिसला तर भुंगा, खसखशीसारखे दाणे दिसले तर कोरड्या लाकडातली वाळवी, मातीची नळी दिसली तर जमिनीतली. तिघांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून भुसा झाडून टाकण्याआधी कागदावर घेऊन नीट बघा. आणि घर बंद करून मुंबईला निघताना गाद्या काढून पलंगावर उभ्या करून ठेवा, बैठकीच्या पट्ट्या मोकळ्या राहू द्या.