दोर घ्यायला गेलो, त्याची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार. आज एका शहराबद्दल बोलणार आहे. हे शहर पृथ्वीवर कुठेही नाही, तरी त्याच्या गल्ल्या मला माझ्या पेठेइतक्या पाठ आहेत. नाव जरा लांबलचक आहे, 'सिटी स्टेट ऑफ द इनव्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड'. म्हणजे अजिंक्य अधिपतीचं नगरराज्य.

1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आणला. एक जण खेळ चालवतो, बाकीचे कुणी योद्धा, कुणी मांत्रिक होऊन बसतात. "मी दार ढकलतो" म्हणायचं नि फासा टाकायचा. दार उघडलं की नाही, ते फासा सांगतो. सुरुवातीची मंडळी भुयारात उतरायची, राक्षस मारायची, सोनं घेऊन वर यायची. पण वर येऊन ते सोनं खर्चायचं कुठे?

इलिनॉयमधल्या डेकेटर गावच्या बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन या दोघांनी 1976 मध्ये 'जजेस गिल्ड' नावाची प्रकाशनसंस्था काढली आणि या खेळासाठी हे शहर बाजारात आणलं. नकाशाचे चार तुकडे. जोडले की 34 बाय 44 इंच, म्हणजे आपली जेवणाची चटई झाकली जाईल एवढा. काळ्या शाईतला. मला नकाशे असेच आवडतात. हल्लीच्या रंगीत, गुळगुळीत नकाशांवर पेन्सिल टेकवायची छाती होत नाही. असो.

नकाशासोबत रस्त्यांची यादी. कुठल्या रस्त्यावर कुठलं दुकान, मालक कोण, त्याच्या अंगात ताकद किती, कानावर कसली अफवा आलीय. आणि रस्त्यात कोण आडवं येईल, त्याचे तक्ते. गोष्ट मात्र नाही! हे लक्षात ठेवा, श्रोतेहो, गोष्ट दिलेली नाही, गाव दिलंय.

आता खरा किस्सा. बहिणीकडे डोंबिवलीला गेलो होतो. भाचा पंधरा वर्षांचा, त्याचे दोन मित्र, आणि खेळ चालवणारा मी. नकाशा जमिनीवर पसरलेला. कोपऱ्यात आमची आई गवार मोडत बसली होती. (गवार हातानेच मोडावी, विळीवर चिरणाऱ्यांच्या घरी मी भाजी खात नाही.)

बेत साधा होता. दोर घ्यायचा, भुयारात उतरायचं. नियमाच्या पुस्तकात पन्नास फूट दोराला एक मोहर. पण मी दुकानदार झालो की माझ्या अंगात येतं. म्हटलं, "तीन मोहरा."

भाचा म्हणाला, "बरं, दिल्या."

कोपऱ्यातून आवाज आला, "दिल्या काय दिल्या? झाडाला लागतात?" आणि आई गवारीचं ताट घेऊन नकाशापाशी सरकली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला "अहो शेठ" म्हटलं. "अहो शेठ, दोर कशाचा?"

मी बेसावध. "अंबाडीचा."

"म्हणजे भिजला की आखडणार. पोरं ओल्यात उतरणार, आणि तुम्ही तीन मोहरा मागताय? मोजून दाखवा आधी. तुमच्या हाताने नको, माझ्या हाताने."

अर्धा तास, श्रोतेहो, अर्धा तास नुसती मोजणी! मी रस्त्यावर कोण येतं याचा फासा टाकला, तर शहराचे शिपाई आले. भाच्याचा धीर सुटला. तो म्हणाला, "मामा, मी तलवार उपसतो. दुकानदाराला मारतो आणि दोर घेतो."

मी वहीत पाहिलं. या शहराची हीच तर गंमत आहे. इथला साधा दुकानदारसुद्धा जुना लढवय्या निघू शकतो. भाचा पहिल्या पातळीचा, आमचा दोरवाला चांगला सहाव्या. एका घावात पोरगं आडवं झालं असतं. मी ओठ मिटून बसलो.

आईने मात्र माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिने मला वाढवलंय. "तलवार आत ठेव," ती नातवाला म्हणाली, "हा माणूस दिसतो तसा नाही." मग शिपायांकडे, म्हणजे परत माझ्याकडेच, वळून म्हणाली, "साहेब, याच्या दोरात दोन हात कमी भरतात. बाकीच्या गिऱ्हाइकांनाही विचारा."

मी म्हटलं, फासा टाक. वीस पैलूंचा फासा तिने सारीपाटाच्या कवड्यांसारखा दोन्ही हातांत खुळखुळवला. पडले एकोणीस.

शिपाई दुकानदाराकडे वळले. दुकानदार नरमला. दोर सव्वा मोहरेला सुटला, तोही उधारीवर. एव्हाना साडेदहा वाजले होते, आणि भुयाराचं तोंडही कुणी पाहिलं नव्हतं.

यातलं काहीही छापलेलं नव्हतं बरं का. छापलेला होता रस्ता, दुकान, मालकाची ताकद आणि शिपायांचा तक्ता. म्हणून पुन्हा सांगतो, गोष्ट नाही, गाव. मोजक्या ओळींत एक दुकान इतकं नेमकं मांडायचं की उरलेलं खेळणाऱ्यांनी भरावं, ही कारागिरी आहे. पुढे शहरांची कितीतरी पुस्तकं आली, काही फार देखणी. पण ज्यात लेखकाने राजाच्या सात पिढ्यांचा इतिहास लिहिलाय आणि दोर कुठे मिळतो ते लिहिलं नाही, असं पुस्तक माझ्या कपाटात टिकत नाही.

भाच्याच्या पात्राचा कागद अजून त्याच वहीत आहे. सामानाच्या रकान्यात लिहिलंय, दोर, पन्नास फूट. शेजारी आईच्या अक्षरात, देणे सव्वा मोहर. गेल्या दिवाळीत तिनं मला विचारलं, त्या शेठचा पुन्हा निरोप आला होता का.

नमस्कार.